केळुसकर गुरुजींची भेट



धम्मबंधू-भगिनींनो, १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या वेळी कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. गुरुजींच्याच शब्दामुळे पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. बाबासाहेब कोलंबिया, लंडनला शिकले. दादरला ग्रंथांसाठी राजगृह बांधले. बुद्ध मात्र मनातून गेला नाही. ४९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी दीक्षा घेतली. त्यांचा स्वतःचा बुद्धग्रंथ महापरिनिर्वाणानंतर, १९५७ मध्ये आला.

शिफ्ट संपवून बरवा अल बराहाच्या खोलीवर आलात की मोबाईल बाजूला ठेवून दोन पाने वाचा. सुट्टीवर जाताना पोरांसाठी चॉकलेटसोबत एक पुस्तकही न्या. ते पुस्तक कुठवर जाईल, हे गुरुजींना तरी कुठे ठाऊक होते?

सर्वांचे मंगल होवो.