बाळंतपणातली जोखीम आणि जामखेडच्या डॉक्टरीणबाई

जोखीम हा शब्द मी बँकेत शिकलो. कर्जाचा अर्ज आला की पैसा कुठे अडकेल ते आधी पाहायचे, मग सही करायची. बाळंतपणालाही असाच हिशेब लागतो, हे मला डॉ. मेबल आरोळे यांच्या आयुष्याकडे पाहताना उमगले.

मेबलबाई मूळच्या जबलपूरच्या. जन्म १९३५ चा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या डॉक्टर झाल्या. तिथेच शिकलेल्या रजनीकांत आरोळ्यांशी १९६० साली लग्न झाले. दोघांनी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. तिथे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. बहुतेक रोगी उशिरा येत होते आणि त्यांचे दुखणे गावातच टळण्यासारखे होते. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० साली जामखेडला आले. तालुका दुष्काळी, आणि दवाखान्याला जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याची.

तेव्हा खेड्यात बाई अडली की ती दैवाची गोष्ट मानली जाई. बाळाचा खांदा अडकून ओढाताण झाली तर मानेतल्या नसा ताणून हात लुळा पडतो. कधी खांद्याजवळचे हाड मोडते. कळा फार लांबल्या तर बाळ गुदमरते आणि मेंदूला इजा होते. पायाळू माणसाच्या लाथेने पाठीची उसण जाते, असे आपल्याकडे म्हणतात. पण पायाळू मूल जन्मताना केवढा धोका असतो, हे कोणी सांगत नसे.

मेबलबाईंनी हे सांगण्याचे काम गावातल्याच बायकांवर सोपवले. आधी नर्स नेमून पाहिल्या, पण ते जमले नाही. मग गावाने निवडलेल्या बायका प्रशिक्षणाला जामखेडला येऊ लागल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. आईची उंची फार कमी आहे का, वय कोवळे आहे का, मूल आडवे आहे का, जुळी आहेत का, मागचे बाळंतपण अडले होते का, हे ओळखायला अक्षरओळख लागत नाही. शंका आली तर कळा सुरू होण्याआधीच रुग्णालय गाठायचे.

१९७१ साली या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. १९९६ पर्यंत तो आकडा तिसाच्या खाली आला. त्यात पाणी, पोषण आणि लसी यांचाही मोठा वाटा होता. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये मेबलबाई गेल्या.

अर्थात तारण चोख असूनही कर्ज बुडते. खांदा अडकणे तर बहुतेक वेळा अवचितच घडते. म्हणून यादीत नाव नसलेल्या बाईजवळही जाणता हात हवा. आता मधुमेह असलेल्या आईचे थोराड बाळ हीही काळजी आहे. घरात लेक-सून गरोदर असेल तर ओटीभरणाच्या तयारीआधी तिची साखर आणि रक्तदाब तपासला का, एवढे विचारा.