दगड वाचणारा कर्नल



मे महिन्यात मासवणला मामाकडे विहिरीचं काम चालू होतं. वर मुरूम, खाली काळा कातळ. ब्रेकरच्या छिन्न्या बोथट होत होत्या, मामा वैतागला होता. मी वर आलेले तुकडे बघत बसलो. एक एकदम घट्ट, दुसरा भोकाभोकांचा, भोकांत पांढरे खडे. हा दगड पहिल्यांदा नीट कुणी पाहिला, हे शोधताना कर्नल विल्यम हेन्री साइक्स भेटला.

जन्म 1790 चा, इंग्लंडातला. आपण आठवी-नववीत क्रिकेट खेळत असतो त्या वयात हा कंपनी सरकारच्या फौजेत भरती झाला. 1805 मध्ये भरतपूरचा वेढा, 1817 मध्ये खडकीची लढाई. म्हणजे पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला, हेही सांगायलाच हवं.

1824 मध्ये एल्फिन्स्टनने त्याला दख्खनची सगळी आकडेवारी जमवायला सांगितलं. माणसं, मजुरी, पिकं मोजायची होती. पण गावोगाव हिंडताना साइक्सने पक्षी, मासे, पाऊस आणि दगडही वहीत घेतले. सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ना? कठीण बेसाल्टचा थर, त्यावर भोकांचा मऊ थर, परत कठीण. मैलोन् मैल आडवे. अशा दगडाला ‘ट्रॅप’ म्हणतात, मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना.

या पायऱ्यांमधले कठीण-मऊ थर लाव्हा थंड होताना घडले. पाकाचं उदाहरण घ्या. पाक झटकन गार केला की चिक्कीसारखी काच होते, सावकाश ठेवला की खडीसाखरेचे स्फटिक धरतात. दगडाचंही तेच. स्कॉटलंडच्या जेम्स हॉलने 1798 मध्ये बेसाल्ट भट्टीत वितळवून हे दाखवलं होतं: पटकन गार केला तर काच, हळूहळू केला तर परत दगड. साधारण 1100-1200 अंशांचा लाव्हा जमिनीवर पसरला की वरचा भाग लवकर गार होतो आणि वायूचे बुडबुडे तिथेच अडकतात. पुढे पाणी झिरपून त्या भोकांत झिओलाइटचे पांढरे खडे भरतात. मधला भाग सावकाश थिजतो, म्हणून घट्ट. आकसताना कधी त्याचे खांब पडतात, अंधेरीचा गिल्बर्ट हिल तसाच.

डिसेंबर 1829 मध्ये सरकारने काटकसर म्हणून साइक्सचं पदच रद्द केलं. आपलं सबमिशन रद्द झालं असतं तर आपण फाइल उघडली असती का? हा पठ्ठ्या परवानगी काढून बिनपगारी राबला आणि जानेवारी 1831 मध्ये काम पुरं करूनच मायदेशी निघाला. दख्खनच्या भूरचनेवरचा त्याचा निबंध पुढे लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने छापला. ‘डेक्कन ट्रॅप’ या नावाचं श्रेय बहुधा त्यालाच देतात. हे थर साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे आणि आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर आहेत, हा हिशेब पुष्कळ नंतरचा.

पुढे तो कंपनीचा अध्यक्ष झाला, खासदार झाला, 1872 मध्ये वारला. मला त्यात रस नाही. बिनपगारी वर्षाचा साइक्स मला आवडतो.

त्याचं काम घाटावरचं. आपल्या कोकणपट्टीत आडव्या थरांना चिरत उभ्या भिंती गेलेल्या असतात. भेगेत शिरलेला मॅग्मा आतल्या आत थिजला की अशी भिंत होते, तिला डाइक म्हणतात. मामाच्या खड्ड्यात बहुतेक तीच लागली होती. मी वहीत आकृती काढून मामाला दाखवली. तो म्हणाला, इंजिनिअर, पाणी कुठे ते सांग. ब्रेकरवाल्या काकांनी आकृती न बघताच पंधरा पावलं सरकून नवी खूण केली. तिथे पांढऱ्या खड्यांचा थर लागला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाला ओल दिसली.