विश्लेषण : खाशाबा जाधव विरुद्ध अमन सेहरावत, ५७ किलोच्या मॅटवर कोण जिंकले असते?

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमन सेहरावतने फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकले. हाच प्रकार, हाच वजनगट आणि हेच पदक. ७२ वर्षांपूर्वी हेलसिंकीत ते खाशाबा जाधव यांना मिळाले होते. साम्य इथेच संपत नाही. खाशाबांना हरवणारा शोहाची इशी जपानचा होता आणि त्याने सुवर्ण जिंकले. अमनला उपांत्य फेरीत हरवणारा रेई हिगुची जपानचाच आणि सुवर्णपदकही त्याचेच. मग कुस्तीशौकिनांना एक प्रश्न पडणारच. हे दोघे एकमेकांसमोर आले असते तर?

अशा कुस्त्या लावता येतात का?

बॉक्सिंगमध्ये हा प्रयोग खरोखर झाला आहे. मायामीतील रेडिओ निर्माते मरे वोरोनर यांनी १९६९ मध्ये रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची लढत कम्प्युटरच्या मदतीने लावली. मार्सियानो ४९ लढतींत अपराजित राहून निवृत्त झालेला, तर सैन्यभरती नाकारल्याने अलीचा परवाना गेलेला. दोघांना रिंगमध्ये उतरवून चित्रीकरण झाले, शेवट मात्र वेगवेगळे टिपून ठेवले. चित्रपट जानेवारी १९७० मध्ये पडद्यावर आला, त्याच्या काही महिने आधी मार्सियानो विमान अपघातात गेला होता. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी तेराव्या फेरीत मार्सियानोला जिंकताना पाहिले. युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकला.

आपल्या भाषेत याला नुरा कुस्ती म्हणतात. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते. कम्प्युटरला काय माहिती पुरवली, फेऱ्या किती ठेवल्या, पंच कोणते नियम लावणार, यावर निकाल ठरतो. खाशाबांच्या बाबतीत तर हे कम्प्युटरशिवायच घडले होते.

गोळेश्वरचा मुलगा मॅटपर्यंत कसा पोहोचला?

मालगुंड-गणपतीपुळ्याच्या किनारपट्टीवर कबड्डीचे वेड आहे. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजूला गेले की तालमी लागतात. या कराडजवळच्या गोळेश्वर गावात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण, ‘चले जाव’च्या दिवसांत भूमिगतांना मदत आणि मग कोल्हापूरचे राजाराम कॉलेज. तिथे बाबुराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींसारखे वस्ताद लाभले.

अंगाने ते लहानखुरे होते. ताकदीच्या जोरावर समोरच्याला दाबून ठेवण्यापेक्षा चपळाईने डाव टाकणे हा त्यांचा पिंड. ढाक हा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडायची, कंबर वळवायची आणि त्याला उचलून पाठीवर आपटायचे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक मदतीने गेले. तोवरची त्यांची सगळी कुस्ती मातीवरची होती आणि लंडनला गादी. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, कुस्ती रेंगाळली तरी चालते. गादीवर पाय सरकतो आणि आंतरराष्ट्रीय नियमांत गुणांचा हिशेब असतो. तिथे रीस गार्डनर या प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले आणि ५२ किलो गटात खाशाबा सहावे आले. गादीवर नवख्या असलेल्या मल्लासाठी हा सहावा क्रमांक हेलसिंकीच्या पदकाइतकाच मोठा मानायला हवा. त्याची चर्चा मात्र कमी होते.

हेलसिंकीत नेमके काय झाले?

१९५२ ची तयारी करताना खाशाबा एक गट वर, ५७ किलोत गेले. आधी निवडीचाच घोळ झाला. आपल्यावर अन्याय झाल्याची तक्रार त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली. पुन्हा कुस्ती लावली गेली, ती जिंकून ते संघात आले. मग पैशांचा प्रश्न. सरकारी मदत अपुरी होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग समोर आला इशी. पंधरा मिनिटांची ही कुस्ती दमसास काढणारी ठरली आणि खाशाबा हरले. त्यानंतर लगेचच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण ते पंचांना सांगायला भारताचा एकही अधिकारी जागेवर नव्हता. थकलेल्या अंगाने खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य.

खाशाबा विरुद्ध अमन या काल्पनिक लढतीपेक्षा ही लढत जास्त अस्वस्थ करते. हेच दोन मल्ल, हीच गादी, फक्त मध्ये तीस मिनिटे. त्या अर्ध्या तासाने रौप्य मिळाले असते, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ती संधी कुस्तीत हुकली नाही, कागदावर हुकली. कोल्हापूरचेच माणगावे त्याच स्पर्धेत ६२ किलोत चौथे आले, हेही इथे नोंदवायला हवे.

आता अमनशी गाठ घालू या

आधी वजन. १९५२ मध्ये ५७ च्या खाली ५२ किलोचाही गट होता. आज ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे सहाच गट उरले असून ५७ हा सर्वांत हलका आहे. शिवाय आजचा ५७ किलोचा मल्ल एरवी ५७ किलोचा नसतो. पॅरिसमध्ये उपांत्य फेरीनंतर अमनचे वजन ६१ किलोच्या वर गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनासाठी त्याने सुमारे दहा तासांत ४.६ किलो उतरवले. म्हणजे काट्यावर दोघे सारखे दिसले तरी गादीवर अमनचे हाड मोठे असण्याची शक्यता जास्त.

मग घड्याळ. आजची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत संपते. खाली खेचले की दोन गुण, प्रतिस्पर्ध्याला रेषेबाहेर ढकलले की एक आणि दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खल्लास. हिगुचीने अमनला उपांत्य फेरीत असेच १०-० हरवले. दुसऱ्या दिवशी अमनने पोर्तो रिकोच्या डॅरियन क्रूझला १३-५ ने हरवून कांस्य जिंकले. या नियमांत पायावर झेपावणे, घोटे बांधून गिरक्या देणे आणि सतत आक्रमक राहणे हे सगळे पक्के लागते. अमन दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये लहानपणापासून हेच शिकला. प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ, फिजिओ, परदेशी सराव ही साधने त्याच्या पिढीला मिळाली. आजचे नियम लावले तर लढत अमनची, यात फार वाद नको. ढाक मात्र आजही गुणफलक हलवणारा डाव आहे. प्रतिस्पर्धी थेट पाठीवर आला तर एका झटक्यात चार गुण. खाशाबांना एकदा मानेची पकड मिळाली असती तर अमनच्या कोपऱ्यातही धाकधूक झाली असती.

१९५२ चे नियम लावले की चित्र बदलते. कुस्ती सलग पंधरा मिनिटांची. चितपट झाली नाही तर तीन पंचांचे मत आणि दहा गुणांवर सुटकाही नाही. रात्रभर वजन उतरवून आलेल्या मल्लाचे सहाव्या मिनिटानंतर काय होईल? तालमीत तासन् तास जोर काढलेल्या खाशाबांचे पारडे इथे जड वाटते. टोक्योत याच गटात रौप्य जिंकणाऱ्या रवी दहियाला उतरवले तर ते थोडे खाली येईल. उपांत्य फेरीत मोठ्या पिछाडीवरून येऊन प्रतिस्पर्ध्याला चितपट करणारा हा मल्ल शेवटपर्यंत दम टिकवणारा होता.

पण न्याय्य तुलना करायची तर खाशाबांना व्हिडिओ आणि फिजिओ द्यावे लागतील किंवा अमनच्या प्रशिक्षकाचे घर गहाण पडलेले असावे लागेल. कुठल्याही सिम्युलेशनमध्ये हा रकाना नसतो.

पदकानंतरची लढत

खाशाबा परतले तेव्हा शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि मिळालेले पैसे प्राचार्यांना दिले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकची स्वप्ने गुडघ्याच्या दुखापतीने मोडली. इशी आणि मामेदबेकोव्ह यांच्याशी हिशेब चुकता करण्याची संधी पुन्हा आली नाही.

पोलीस दलात ते सहायक पोलीस आयुक्त पदापर्यंत पोहोचले. निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशालफेरीत त्यांना सामील करून घेतले गेले, तेवढाच काय तो मान. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. स्वतंत्र भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडले, ते टेनिसमध्ये लिअँडर पेसने आणले. कुस्तीतले पुढचे पदक २००८ मध्ये सुशील कुमारचे. हयातीत खाशाबांना ना पद्म मिळाले ना अर्जुन. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला आज खाशाबांचे नाव आहे. भारतीय संघाच्या निवड चाचण्या त्याच सभागृहात झाल्या आहेत.