नामदार गोखले आणि सरकारी तिजोरींतील शिल्लक

वर्षअखेर घरांत चार पैसे शिल्लक राहिले म्हणजे गृहस्थास समाधान वाटतें, व तें योग्यच आहे. परंतु राज्याच्या तिजोरींत दरसाल कोट्यवधि रुपये शिल्लक पडूं लागले, तर प्रजा सुखी आहे असें समजावें, कीं प्रजेकडून जरुरीपेक्षां अधिक कर घेतला गेला असें समजावें? हा प्रश्न ज्या पुरुषानें निर्भयपणें, परंतु सभ्य शब्दांत सरकारपुढें मांडला, ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याचे होत.

गुहागर तालुक्यांतील कोतळूक ह्या खेड्यांत ९ मे १८६६ रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल येथें नोकरीस होते. १८७९ सालीं ते वारले, तेव्हां गोपाळरावांचें वय अवघें तेरा वर्षांचें होतें. वडील बंधु गोविंदराव यांनीं आपलें शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पतकरली आणि त्यांतील आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठीं पाठवीत. एका रुपयामागें किती कष्ट असतात, हें गोपाळरावांस अशा रीतीनें लहानपणींच कळलें.

१८८४ सालीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. होऊन ते पुण्यास शिक्षक झाले. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत अल्प वेतनावर त्यांनीं इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र शिकविलें, आणि शाळांसाठीं अंकगणिताचें पुस्तकही लिहिलें. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे त्यांचे गुरु. सरकारी अहवाल बारकाईनें वाचावे, आंकडे ताडून पाहावे, आणि मगच लेखणी उचलावी, ही शिस्त गुरूंनीं त्यांस लाविली.

१८९७ सालीं हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते इंग्लंडला गेले. त्यांची साक्ष उत्तम झाली. परंतु पुण्यांतील प्लेगच्या बंदोबस्तांत सोल्जरांनीं केलेल्या जुलमाविषयीं, मित्रांच्या पत्रांवरून, त्यांनीं तेथें कांहीं आरोप केले होते. परत आल्यावर त्यांचा पुरावा पुढें करतां येईना, म्हणून त्यांनीं जाहीर माफी मागितली. स्वदेशांत त्यांची निंदा झाली. ती त्यांनीं मुकाट्यानें सोसली. सिद्ध करतां येईल तेवढेंच बोलावें, हा नियम त्यांनीं पुढें आमरण पाळला.

१९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यांचें अंदाजपत्रकावरील पहिलें भाषण झालें. सभासदांस त्या काळीं अंदाजपत्रकावर बोलतां येई, मत मात्र देतां येत नसे. सरकार आपल्या शिलकेबद्दल संतोष मानीत होतें. गोखल्यांनीं दाखविलें कीं ही शिल्लक भरभराटीची खूण नव्हे. १८९३ सालीं टांकसाळी खाजगी चांदीस बंद करून सरकारनें रुपयाचा भाव वर चढविला. तो सुमारें तेरा पेन्सांवरून सोळा पेन्सांवर गेला. त्यामुळें विलायतेंत द्यावयाच्या रकमांस सरकारला कमी रुपये लागूं लागले. परंतु रुपया उतरला असतां जे कर वाढविले होते, ते तसेच राहिले. मिठावरील कर १८८८ सालीं मणामागें दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता, आणि मीठ तर गरिबांतल्या गरिबासही लागतें. दुष्काळानें गांजलेल्या रयतेकडून असा पैसा घेऊन शिल्लक दाखविणें हा न्याय नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें.

अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनींही १८८७ सालीं जकातीच्या उत्पन्नांतून सांचणाऱ्या शिलकेविषयीं असाच आक्षेप घेतला होता. पुढच्या वर्षीं ते निवडणूक हरले, तरी १८९२ सालीं लोकांनीं त्यांस पुन्हां निवडून दिलें. गोखल्यांच्या हातीं मात्र ना सत्ता होती, ना मत. केवळ आंकडे व युक्तिवाद होते. तरीही मिठावरील कर १९०३ सालीं दोन रुपये, १९०५ सालीं दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. आणि १९०३ सालींच प्राप्तीवरील कराची माफी वार्षिक पांचशें रुपयांवरून हजारापर्यंत वाढली. ह्यांत त्यांच्या प्रयत्नांचा मोठा वांटा होता.

तरी गोखले केवळ काटकसरीचे पुरस्कर्ते नव्हते. लष्कराचा खर्च आवरावा व तोच पैसा शिक्षणाकडे लावावा, हा त्यांचा आग्रह होता. १९११ सालीं त्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल आणलें. पुढील वर्षीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं नापास झालें. नेमस्तपणानें काय मिळालें, असें पुष्कळांनीं विचारलें. आपल्याच जिल्ह्याचे लोकमान्य टिळक यांचा मार्गही निराळा होता. परंतु गोखल्यांनीं चीड किंवा निराशा दाखविली नाहीं. ते काम करीतच राहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीचें शिक्षण देणारा कायदा भारतांत १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. गोखल्यांचें बिल फेटाळल्यास तेव्हां अठ्ठ्याण्णव वर्षें झालीं होतीं. विद्यार्थिमित्रहो, गणिताचा तास रुक्ष वाटला म्हणजे ह्या शिक्षकाचें स्मरण करा. बेरीज-वजाबाकी नीट येणें आणि बोलतांना तोल न सोडणें, एवढ्याच बळावर त्यांनीं गरिबाच्या भाकरीबरोबरचें मीठ स्वस्त करविलें.