प्रवाहाचा कानोसा

जालना स्टेशनात न थांबणाऱ्या मालगाडीची शिट्टी कधी लक्ष देऊन ऐकली आहे? गाडी जवळ येताना सूर चढा असतो. ती आपल्याला ओलांडून गेली की तो एकदम उतरतो. शिट्टी तीच असते, बदलतं ते फक्त गाडीचं येणं-जाणं. हे कोडं गणितात मांडणाऱ्या ख्रिश्चन डॉप्लरचं नाव आज सोनोग्राफीच्या कागदावर छापलेलं असतं. ज्या घरात कुणाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलेलं आहे, त्या घराला तर ते पाठ असतं. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो.

आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गमध्ये, पाथरवटांच्या घराण्यात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तो जन्मला. प्रकृती तोळामासा, म्हणून हाती छिन्नी-हातोडा न येता गणित आलं. व्हिएन्नात शिकूनही कायमची नोकरी मिळेना. काही काळ त्यानं सूतगिरणीत हिशेबनिसाचं काम केलं. बँकेत कीर्द-खतावणी सांभाळलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील फार जवळचा वाटतो. अखेर अमेरिकेला जायचं ठरवून त्यानं सामानही विकलं. पण ऐन वेळी, १८३५ मध्ये, प्रागला शिक्षकाची जागा मिळाली.

तिथल्याच विज्ञानसभेत २५ मे १८४२ रोजी त्यानं निबंध वाचला. जोडताऱ्यांचे रंग त्यांच्या गतीमुळे दिसतात, असं त्याचं म्हणणं होतं. ताऱ्यांच्या रंगाबाबत तो चुकला, तत्त्व मात्र बावनकशी निघालं. १८४५ मध्ये हॉलंडात बाइस बॅलट यानं आगगाडीत तुतारीवाले बसवून त्याची खात्री करून घेतली. १८५० मध्ये डॉप्लर व्हिएन्ना विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र संस्थेचा पहिला संचालक झाला. मान मिळाला, पण छातीच्या विकारानं शरीर पोखरलं होतं. हवापालटासाठी तो व्हेनिसला गेला आणि १७ मार्च १८५३ रोजी, पन्नाशीही न गाठता, तिथंच वारला.

पुढं शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये, बोस्टनला एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवण्यात यश आलं. इतरांच्या बाबतीत शरीर परकं मूत्रपिंड ओळखतं, पांढऱ्या पेशी त्यावर चाल करून येतात आणि आत दाह होऊन सूज येते. बसवलेलं मूत्रपिंड ओटीपोटात, कातडीच्या जवळ असल्यानं सोनोग्राफीत चांगलं दिसतं. यंत्रानं सोडलेल्या ध्वनिलहरी धावत्या रक्तपेशींवर आपटून परततात, तेव्हा त्यांचा सूर त्या शिट्टीसारखाच बदललेला असतो. त्यावरून रक्ताचा वेग कळतो. सूज वाढली की हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह मंदावू शकतो. इथं ना सुई, ना क्ष-किरण.

पण हा संशय झाला, निकाल नव्हे. लघवीची वाट अडली तरी प्रवाह असाच दिसू शकतो, आणि कधी दाह असूनही तपासणी स्वच्छ येते. खात्रीसाठी बायॉप्सीचा बारीकसा तुकडा लागतो. म्हणून आईनं दिलेलं मूत्रपिंड घेऊन जगणाऱ्या मुलाचा कागद चांगला आला, तरी गोळ्या आपल्या मनानं थांबवू नयेत. वाईट आला, तरी लगेच धीर सोडू नये. रक्ताच्या प्रवाहाचा हिशेब डॉप्लर सांगतो, गोळ्यांच्या वेळांचा हिशेब घरानंच ठेवायचा असतो.