हॅटच्या खोक्यातले यीस्ट

घरच्या घरी जवापासून बिअर तयार करण्याचा छंद आज युरोप-अमेरिकेत हजारो जण जोपासतात. मोड आणून वाळवलेले धान्य भरडायचे, ठरावीक तापमानाच्या पाण्यात भिजवून त्यातील पिष्टाची साखर होऊ द्यायची, तो गोड काढा हॉप्स घालून उकळायचा आणि निवल्यावर त्यात यीस्ट सोडायचे. यातील यीस्ट हा हौशी माणूस दुकानातून पुडीत आणतो आणि त्याच्या शुद्धतेची फारशी चिंता करत नाही. ही निश्चिंती ज्यांच्यामुळे शक्य झाली, त्यांत डेन्मार्कचे याकोब क्रिस्टियान याकोबसेन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. गंमत अशी, की त्यांनीही सुरुवात केली ती घरातच, आईच्या कपडे उकळण्याच्या हंड्यात!

२ सप्टेंबर १८११ रोजी कोपनहेगनमध्ये जन्मलेल्या याकोबसेन यांच्या वडिलांची तेथे लहानशी भट्टी होती. विद्युतचुंबकत्वाचा शोध लावणारे ओर्स्टेड यांची जाहीर व्याख्याने तरुण याकोबसेन आवर्जून ऐकत. १८३५ मध्ये वडील वारले आणि धंदा त्यांच्याकडे आला. त्या काळी कोपनहेगनची बिअर उबदार हवेत झटपट आंबवलेली आणि तितक्याच झटपट बिघडणारी असे. बव्हेरियातील बिअर मात्र थंडाव्यात सावकाश आंबे, तळघरात महिनोन्‌महिने मुरे आणि टिके. तिचे रहस्य तळाशी बसणाऱ्या यीस्टमध्ये होते.

हे यीस्ट आणण्यासाठी १८४५ मध्ये याकोबसेन म्युनिकला गेले. स्पाटेन भट्टीचे गाब्रिएल सेडलमायर यांच्याकडून ते मिळालेही; पण ते कोपनहेगनपर्यंत जिवंत कसे न्यायचे? उष्णतेने ते मरणार, हे उघड होते. घोडागाडी जिथे जिथे थांबे तिथे तिथे उतरून, हॅटच्या खोक्यात ठेवलेल्या डब्यांवर ते गार पाणी ओतत राहिले, असे सांगितले जाते. यीस्ट जगले. शहराच्या तटबंदीखालच्या तळघरांत मुरवलेली त्यांची बिअर लोकांच्या पसंतीस उतरली आणि शहराबाहेर वाल्बी येथील टेकडीवर नवी भट्टी उभी राहिली. १० नोव्हेंबर १८४७ रोजी तेथे पहिला घाणा निघाला. पाच वर्षांच्या मुलाचे नाव कार्ल. ‘बर्ग’ म्हणजे टेकडी. त्यावरून भट्टीचे नाव पडले कार्ल्सबर्ग.

ज्याच्या नावाने भट्टी उभी केली, त्या मुलाशीच पुढे बिनसावे, हा दैवाचा खेळच. परदेशात शिकून आलेल्या कार्ल यांना वडिलांनी शेजारीच भट्टी चालवायला दिली. वडिलांचा आग्रह बिअर पुरेसा काळ मुरलीच पाहिजे, हा. मुलाला मागणी दिसत होती आणि त्याला उत्पादन वाढवायचे होते. वाद विकोपाला गेला. भट्टीच्या नावावरून भांडण झाले, इतकेच काय, दोन भट्ट्यांमधल्या रस्त्याला काय म्हणावे यावरूनही पाट्यांचे युद्ध रंगले. अखेर मुलाची ‘नवी’ आणि वडिलांची ‘जुनी’ कार्ल्सबर्ग अशी वाटणी झाली. १८८२ मध्ये वडिलांनी आपली भट्टी आपल्या पश्चात मुलाला नव्हे, तर १८७६ मध्ये स्थापलेल्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानला देण्याचे ठरवले. विज्ञानाचे भले झाले खरे. परंतु या निर्णयामागे तत्त्वनिष्ठा किती आणि दुखावलेल्या बापाचा हट्ट किती, हा प्रश्न उरतोच.

त्यांच्या तत्त्वनिष्ठेची कसोटी मात्र प्रयोगशाळेत लागली. १८७५ मध्ये त्यांनी भट्टीलगत संशोधनासाठी प्रयोगशाळा काढली होती आणि तेथील कोणताही महत्त्वाचा निष्कर्ष गुप्त ठेवायचा नाही, असा दंडक घातला होता. पुढे खुद्द जुन्या कार्ल्सबर्गची बिअर बिघडू लागली. प्रयोगशाळेतील एमिल क्रिस्टियान हान्सेन यांनी दाखवून दिले, की म्युनिकहून जपून आणलेल्या त्या यीस्टच्या वंशात आता रानटी यीस्टची भेसळ झाली आहे. एकाच पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरावे, हा त्यांचा उपाय याकोबसेन यांना आरंभी पटला नाही. मात्र नोव्हेंबर १८८३ मध्ये ते प्रत्यक्ष भट्टीत वापरले गेले आणि शंका फिटली. एकाधिकार घेऊन अमाप पैसा मिळवता आला असता. याकोबसेन यांनी पद्धत जाहीर केली आणि यीस्टही स्पर्धकांना देऊन टाकले! त्याच वर्षी याच प्रयोगशाळेत केल्डाल यांनी नायट्रोजन मोजण्याची पद्धत बसवली. आम्लता मोजण्याची पीएच मोजपट्टी सोरेन्सेन यांनी १९०९ मध्ये दिली, तीही येथूनच.

१८८६ मध्ये बापलेकांत समेट झाला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १८८७ रोजी, रोममध्ये याकोबसेन यांचे निधन झाले. दोन्ही भट्ट्या १९०६ मध्ये एक झाल्या. वाल्बीच्या टेकडीवरील त्यांचे राहते घर मानाचे निवासस्थान म्हणून विद्वानांना देण्यात येऊ लागले आणि १९३२ पासून तेथे पदार्थवैज्ञानिक नील्स बोर राहिले.