शनवार तेल्यांचे बखरकार

कीर्तनाच्या उत्तररंगात बुवा आख्यान लावतात, तेव्हा ते कोणत्या शकात घडले हे श्रोते विचारीत नाहीत. गोदाकाठी हे जितके खरे, तितकेच अलिबाग-चौलच्या किनाऱ्यावरही. तेथील बेने इस्राएल समाजात अशीच एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाई. पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, धर्मग्रंथ समुद्राच्या पोटात गेले. या कथेला साल मागण्याचा प्रसंग एकोणिसाव्या शतकात आला आणि ते देण्याची जबाबदारी हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी पत्करली.

किहीमकरांचा जन्म १८३० च्या सुमाराचा. आडनाव अर्थातच कोकणी रीतीप्रमाणे गावावरून आलेले. समाजाचा परंपरागत धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. ग्रंथ गेले तरी सुंता, शब्बाथ आणि एक लहानशी प्रार्थना टिकली होती. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, पण सण राहिले. नव्याचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण अशी त्यांची मराठी नावे पडली. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ मध्ये उभे राहिले. पुढे मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रूची ओळख झाली आणि १८८० पासून हा समाज अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठी कीर्तनांतून ऐकू लागला. स्वधर्माची कथा परत मिळाली ती टाळ-मृदंगाच्या साथीने, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

परंतु मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंना हे सावळे, मराठी बोलणारे धर्मबंधू पुरतेपणी आपले वाटत नव्हते. किहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्राएली शाळा काढली. शाळेला पैसा हवा, आणि परदेशी ज्यूंपुढे झोळी पसरावयाची तर आपण कोण हे आधी सिद्ध करावयास हवे. १८९२ सालची त्यांची पुस्तिका म्हणूनच एकाच वेळी समाजाच्या इतिहासाची रूपरेषा आहे आणि शिक्षणासाठी केलेले आवाहनही आहे. १८९७ मध्ये त्यांनी मोठा इतिहास लिहून पूर्ण केला, तो इंग्रजीत. कारण पटवावयाचे होते ते मराठी न जाणणाऱ्यांना.

त्यांचा मुख्य युक्तिवाद चतुर होता. मक्काबींच्या विजयाचा हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता. म्हणजे पूर्वज त्या उठावाआधीच, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, मायभूमी सोडून निघाले असले पाहिजेत. मात्र ज्यांचे ग्रंथच बुडाले ते एखादा सण पुढे विसरलेही असतील, ही शक्यता या तर्काने दूर होत नाही. त्याहून मोठा दोष असा की रक्तशुद्धीचा आग्रह या लेखनालाही चिकटला आहे. समाजातच गोरे आणि काळे इस्राएल असा भेद होता. बगदाद्यांकडून होणाऱ्या ज्या उपेक्षेने किहीमकर व्यथित होत, तीच वागणूक आपल्यातल्या काळ्यांना मिळते, याचे शल्य त्यांना तितकेसे दिसत नाही. इतिहासकारापेक्षा ते समाजाचे वकील अधिक होते. पण वकिलीसाठी गोळा केलेला पुरावा, म्हणजे लग्नातील विधी, एलियाहू हन्नाबीच्या नावाने केला जाणारा पोह्यांचा मलिदा, मराठी आडनावे आणि त्यांची गावे, आज कोणत्याही अनुमानापेक्षा मोलाचा ठरला आहे.

ग्रंथ छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते निवर्तले. १९३६ मध्ये गांधीजींच्या भेटीसाठी भारतात येऊन गेलेले इमॅन्युएल ओल्स्वांगर यांनी त्याचे संपादन केले आणि १९३७ मध्ये तो तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. ओल्स्वांगर संस्कृतचे जाणकार, पुढे गीतेचे हिब्रू भाषांतरकार आणि मुख्यतः यिद्दिश लोककथांचे संग्राहक. सालांच्या मागे लागलेला इतिहास अखेर एका कथासंग्राहकाच्या हातून बाहेर पडला.

१९४८ नंतर समाजातील हजारो लोक इस्राएलला गेले. तेथेही जुना प्रश्न पाठोपाठ आला. १९६० नंतरच्या वर्षांत रब्बींनी त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. यावर मोठे आंदोलन झाले. ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यूच आहेत असा निर्वाळा दिला, आणि त्यानंतर रब्बींनी आपल्या फर्मानातून या समाजाचे नाव वगळले.